महिन्याची फी की तासागणिक?

घरी गाण्याचा क्लास सुरू करणाऱ्या एका ताईंना हा प्रश्न पडलाय.

उत्पन्न: तासागणिक फी घेतली की गणपती, दिवाळी, शाळेच्या परीक्षा, सगळे कोरडे जातात. महिन्याच्या फीत निदान घरखर्चाचा अंदाज बांधता येतो.

कटकट: तासागणिक म्हणजे रोजचा हिशेब. महिन्याच्या फीत बुडलेल्या तासावरून वाद होतात, म्हणून भरपाईचा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या.

मोल: इथे महिन्याची फी उजवी. यमन रागातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा 'म', नेमका लागायला आठवडे जातात. ती मेहनत घड्याळात मावत नाही. पालकांना जूनचं आणि डिसेंबरचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवा, फी का घेता ते कळेल.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या सुरुवातीच्या गायन परीक्षांना बसणाऱ्या मुलांना महिन्याचीच फी ठेवा. शिफ्टमध्ये नोकरी करणारे किंवा एखादीच बंदिश पक्की करायला येणारे, त्यांना तासागणिक; दर मात्र थोडा चढा.