बाझलचा पॅरासेल्सस वॉक: गोष्टी झकास, व्यवस्था यथातथा

स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ऑफिसच्या कामाने येणारे आपले फार्मा आणि आयटीवाले वीकेंड आला रे आला की ट्रेन पकडून बर्फ बघायला पळतात, आणि नोव्हार्टिस, रोश ज्या गावात बसलेत त्याच गावात पाचशे वर्षांपूर्वी पॅरासेल्सस नावाच्या एका डॉक्टरने काय राडा घातला होता ते बघायचं राहून जातं. त्यावर इंग्रजीत एक गाईडेड वॉक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये.

सुरुवात मार्क्टप्लाट्झ म्हणजे बाजारचौकातून. इथेच पहिली तक्रार, लाल राटहाउसचा (नगरपालिकेच्या जुन्या इमारतीचा) इतिहास सांगण्यात इतका वेळ घालवला की पॅरासेल्सस येतो की नाही असं वाटायला लागलं. मग टोटेनगेसलाइन नावाची पायऱ्यापायऱ्यांची उभी गल्ली. आई-बाबांना नेणार असाल तर त्यांचे गुडघे आधी विचारात घ्या. पण त्या गल्लीतच खरा माल आहे. आता जिथे फार्मसी म्युझियम आहे ते घर तेव्हा योहान फ्रोबेन या मोठ्या प्रकाशकाचं होतं. त्याचा पाय कापायचा असं बाकीच्या डॉक्टरांनी ठरवलेलं, पॅरासेल्ससने तो वाचवला. त्या काळातला बडा विद्वान इरॅस्मस फ्रोबेनचा जिगरी दोस्त, त्यानेही मग आपली दुखणी पॅरासेल्ससला पत्राने विचारली. या ओळखींच्या जोरावर 1527 मध्ये साहेब शहराचे अधिकृत डॉक्टर झाले.

आणि मग तोंड! लॅटिन सोडून जर्मनमध्ये लेक्चर, जुन्या पंडितांना शिव्या आणि जूनमध्ये सेंट जॉनच्या होळीत थेट जुना नामांकित वैद्य इब्न सिना याचा ग्रंथ टाकला, जो तेव्हा मेडिकलचा सिलॅबसच होता म्हणा ना. ऑक्टोबरात फ्रोबेन गेला, पाठीराखा संपला. त्यानंतर लिख्टेनफेल्स नावाच्या एका चर्चवाल्याने उपचाराचे शंभर गुल्डेन (तेव्हाची नाणी) कबूल केले आणि बरं वाटल्यावर सहा टेकवले. पॅरासेल्सस कोर्टात गेला, हरला, मग न्यायाधीशांनाच जाहीर झापलं आणि 1528 च्या सुरुवातीला गाव सोडून पळायची पाळी आली. गाईड बाईंनी हा भाग असा रंगवून सांगितला की ग्रुपमधले सगळे फोन खिशात गेले. पेशंट बरा झाला की फी जड वाटते, हे तिकडेही तस्संच होतं तर!

पॅरासेल्सस किमयागारही होता. किमया म्हटलं की लोकांना सोनं आठवतं, पण बाईंनी ते खूळ आधीच काढून टाकलं. याला सोनं करायचं नव्हतं, धातू आणि क्षारांपासून औषधं करायची होती. मीठ, गंधक, पारा ही त्याची तीन मूलतत्त्वं, आणि प्रत्येक गोष्ट विषच असते, विष ठरतं ते मात्रेवर, हे त्याने 1538 मध्ये लिहून ठेवलंय. पारा-गंधक ऐकून मला लगेच आपलं रसशास्त्र, म्हणजे आयुर्वेदातली पारा-धातूंची औषधं करायची विद्या, आठवलं. तसा प्रश्न मी विचारला तर बाईंना त्याची कल्पना नव्हती, पण उगाच ठोकून न देता त्यांनी तसं सरळ सांगितलं, हे मला आवडलं. खाणकामगारांच्या फुफ्फुसांच्या आजारावर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं होतं, ते मात्र एका वाक्यात उरकलं. माझ्या मते माणूस खरा मोठा तिथेच आहे, राटहाउसचा वेळ इकडे द्यायला हवा होता.

हेडफोन देत नाहीत, त्यामुळे ट्राम गेली की अर्धं वाक्य गेलंच, बाईंना चिकटून चाला. तिकीट स्विस हिशोबाने ठीक, रुपयात करू नका, जेवण जाणार नाही. म्युझियमचं तिकीट यात धरलेलं नाही पण ते चुकवू नका, जुन्या औषधांच्या बरण्या आणि किमयागाराची आख्खी प्रयोगशाळा मांडून ठेवलीय. लहान मुलं कंटाळतील. माझे पाचपैकी साडेतीन. आणि पाणी विकत घेऊ नका, बाटली न्या, जुन्या गावात जागोजागी पिण्याच्या पाण्याची कारंजी आहेत.