रत्नागिरी की कारवार? समुद्राकाठच्या दोन शहरांतून एक निवडताना

तीन-चार दिवस समुद्राजवळ राहायचं, पण गोव्याची गर्दी नको, असं घरात ठरलं की कोकण रेल्वेच्या वाटेवरची दोन नावं पुढे येतात. गोव्याच्या अलीकडे रत्नागिरी, पलीकडे कारवार. दोन्ही ठिकाणी बंदर आहे, खाडी आहे, डोंगर आहेत, ताजी मासळी आहे आणि मराठीत बोलून सगळं निभतं. त्यामुळे कुठेही गेलं तरी सारखंच, असं वाटायला लागतं. तसं अजिबात नाही. रत्नागिरीचा निसर्ग सड्यावर आहे आणि कारवारचा पाण्यावर. आपल्याला यातलं काय हवंय ते आधी ठरवावं, हॉटेलं नंतर शोधावीत.

रत्नागिरीला जाणारे बहुतेक जण किनारे बघून परततात आणि सडा तसाच राहतो, याची मला मनापासून हळहळ वाटते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं मोकळं, जवळजवळ सपाट पठार. मे महिन्यात तिथे नुसतं करपलेलं गवत आणि तापलेला दगड असतो. पाऊस सुरू झाला की त्याच कातळावर डबकी साचतात, आणि श्रावण-भाद्रपदात बोटभर उंचीच्या रानफुलांचे जांभळे-पिवळे पट्टे उमटतात. याच सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं, आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीचा हत्ती शहरापासून फार लांब नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती मात्र इतका प्रचंड आहे की शेजारी उभं राहून तो नजरेत मावतच नाही. आधी फक्त रेघा दिसतात, मग सोंड ओळखू येते, आणि त्या अवाढव्य देहाच्या आत कोरलेले इतर प्राणी सापडायला लागतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात खाचांमध्ये सावली भरते आणि चित्र उठून दिसतं, भर दुपारी तोच कातळ कोरा वाटतो. आणि कृपा करून चित्रावर पाय देऊ नका, फोटोसाठी खडूने रेघा गिरवू नका. एवढी वर्षं टिकलेलं हे काम आपल्या हौसेपायी झिजता कामा नये.

शहरात बघण्यासारखंही भरपूर आहे, आणि म्हणूनच आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं सोबत असतील तर मी रत्नागिरीच सांगेन. लोकमान्यांचं जन्मस्थान, भागोजीशेठ कीरांनी उभारलेलं आणि १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुलं झालेलं पतितपावन मंदिर, तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग. थिबा राजवाडा तर चुकवूच नये. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे नजरकैदेची बहुतेक वर्षं इथल्या दुसऱ्याच घरांत गेली आणि हा वाडा शेवटी जेमतेम सहा वर्षं त्याच्या वाट्याला आला. मुलांना हे तिथे उभं राहून सांगा, लक्षात राहतं.

किनाऱ्यांचं म्हणाल तर मांडवीची वाळू काळी आहे, भाट्याचा किनारा लांबलचक आणि संध्याकाळी चालायला उत्तम. गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा रस्ता धरा. वरच्या वळणावरून खाली दोन किनारे एकदम दिसतात, एवढ्यासाठीही तो रस्ता घ्यावा. पण तिथे पोहायला उतरू नका. ओढ जबर आहे आणि दरवर्षी पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. हे सगळं पांगलेलं असल्यामुळे रत्नागिरीत स्वतःची गाडी नसेल तर दिवसभरासाठी गाडी ठरवावी लागते, आणि तिघा-चौघांनी वाटून घेतली तरी खर्चात ती धरायला हवी.

कारवारात धावपळ कमी आहे. काळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथेच शहर वसलंय, आणि सह्याद्रीचे फाटे थेट किनाऱ्यापर्यंत उतरलेत. एकाच जागी उभं राहून जंगलाचा डोंगर, नदीचं मुख आणि समुद्रातली बेटं दिसतात. असं दृश्य आपल्याकडच्या किनाऱ्यावर सहसा मिळत नाही. तरुण रवींद्रनाथ टागोर न्यायाधीश असलेल्या भावाकडे इथे येऊन राहिले होते. शहरालगतच्या किनाऱ्याला आज त्यांचंच नाव आहे. त्याच किनाऱ्यावर ‘चपळ’ ही नौदलाची जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय करून ठेवलीय. नौकेत आत शिरता येतं, त्यामुळे लहान मुलं खूश असतात.

कारवारची खरी मजा होडीत आहे. नदीतून सदाशिवगडाच्या पायथ्याला वळसा, देवबागची पुळण, कूर्मगडाचं बेट. सदाशिवगडावर किल्ला म्हणून फारसं काही उरलेलं नाही, पण काळीचं मुख आणि तिच्यावरचा पूल बघायला वर जाच. माजाळीच्या बाजूला तिळमाती नावाचा छोटा किनारा आहे. खडकाळ टेकाड ओलांडून चालत जावं लागतं. वाळू काळी आणि तिळासारखी दाणेदार, ओल्या पायांना चिकटली की झटकून निघत नाही, समुद्रातच पाय धुवावे लागतात.

मात्र इथे दोन अडचणी आहेत. नौदलाचा मोठा तळ असल्याने काही किनारे आणि बेटं सामान्यांना बंद आहेत आणि तळाच्या आसपास फोटो काढता येत नाहीत. दुसरी अडचण पावसाची. पावसाळ्यात समुद्रातल्या होड्या बंद असतात. मग कारवारात भिजलेला डोंगर आणि भरलेली नदी बघत बसायचं. ज्यांना तेवढं पुरतं त्यांनी जरूर जावं, पण मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतील.

पहिल्यांदाच जात असाल, हातात तीनच दिवस असतील, किंवा जुलै ते सप्टेंबरमध्ये निघणार असाल तर रत्नागिरी. मुंबईहून सकाळच्या गाडीने निघालं तर दुपारी पोचता येतं, कारवारला तेवढाच प्रवास आणखी करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे उकाडा सारखाच, पण रत्नागिरीत निदान झाडावरून उतरवलेला हापूस मिळतो. कोकण आधी फिरून झालं असेल, रोज चार ठिकाणं गाठायची हौस सरली असेल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वेळ काढता येत असेल, तर मी डोळे झाकून कारवार सांगेन. त्यात एखादा दिवस जास्तीचा असला तर गोकर्णही साधतं.

स्टेशन दोन्हीकडे शहराबाहेर आहे. गाडी रात्री उशिरा पोचणार असेल तर रिक्षाची सोय मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून आधीच विचारून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा तिकीट काढताना वेळ पुन्हा एकदा तपासा.