पंखा बंद झाला आणि सूं ऐकू आली: अँड्रोमेडा इन-इअर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका गृहस्थांकडून कॅम्पफायर ऑडिओ कंपनीचा अँड्रोमेडा हा कानात घालायचा इअरफोन सेकंडहँड घेतला. २०१६ साली हा बाजारात आला तेव्हा किंमत होती १,०९९ डॉलर. नवा घेणं मला कधी जमलंच नसतं. अ‍ॅल्युमिनियमचं हिरवं कवच, प्रत्येक कानात पाच बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारी पाच इवली यंत्रं. म्युझिक प्लेअर माझ्याकडे आधीपासून होता, तोही बऱ्यापैकी महागातला. उन्हाळा आणि पावसाळा ही जोडी रोज रात्री तासभर वापरली आणि मनापासून खूश होतो.

कुरकुर सुरू झाली नोव्हेंबरात. आम्ही नाशिकला मखमलाबादकडे राहतो, घरामागे द्राक्षबागा. थंडी पडली की पंखा बंद, खिडक्या बंद, आणि रात्री दहानंतर लांबवर एखादं कुत्रं भुंकलं तर तेवढंच. अशाच एका रात्री इअरफोन कानात घातले, प्लेअर चालू केला, गाणं अजून लावायचं होतं, तर दोन्ही कानांत बारीक सूंऽऽ. आधी वाटलं, माझेच कान वाजताहेत. सातपूरला प्रेसशॉपच्या दणदणाटात वीस वर्षं काढलीत, त्यामुळे पोटात गोळाच आला. इअरफोन काढले, आवाज गेला. घातले, परत आला. बायकोला ऐकवलं, तर ती म्हणाली, "अहो, गॅस नीट बंद झाला नाही की येतो ना, तसा आवाज आहे हा." आणि खरंच उठून शेगडी बघून आली.

म्हणजे ही हिस, ही सूं, एप्रिलपासून होतीच. पंख्याच्या घरघरीखाली दबली होती.

पहिली गोष्ट शोधली ती ही की आवाज नक्की कुठून येतोय. जुन्या रेकॉर्डिंगलाही स्वतःची खरखर असते. नाशिकमध्ये जन्मलेले ख्यालगायक द. वि. पलुस्कर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचं जे काही ध्वनिमुद्रण आज मिळतं त्यात त्या काळची खरखर असणारच, आणि ती मला चालते. ती गाण्याबरोबर येते, गाण्याबरोबर जाते. प्लेअरची हिस तशी नसते. गाणं थांबवलं तरी ती चालूच राहते. माझ्या प्लेअरमध्ये तर गाणं थांबवल्यावर चार-पाच सेकंदांनी 'टक्' होतं, आउटपुट बंद पडतं, आणि त्या क्षणी कानात जी शांतता पसरते त्यावरूनच कळतं की मघापासून आपण काय सहन करत होतो. दुसरी खूण म्हणजे व्हॉल्यूम शून्यावरून एक केला आणि तिथून तीसवर नेला, तरी सूं तेवढीच. म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढे, अगदी शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या टप्प्यात तयार होतेय.

यात इअरफोनचा दोष धरायचा का? मला तसं वाटत नाही. अँड्रोमेडाचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) १२.८ ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (किती विजेला किती आवाज) एका मिलिवॅटला ११२.८ डेसिबल. गणित मांडलं की व्होल्टला जवळजवळ १३२ डेसिबल येतात. प्लेअरच्या आउटपुटला नुसता ३ मायक्रोव्होल्टचा गोंगाट असला, तरी या इअरफोनमधून तो साधारण २१ डेसिबल होऊन बाहेर पडतो. वर सिलिकॉनच्या टिप्सनी कान बंद, बाहेरचं काही ऐकू येत नाही, मग तो लपणार कुठे? त्याच प्लेअरला धाकट्या भावाचा सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन लावला, ३०० ओहमचा, व्होल्टला ९७ डेसिबल देणारा. तेच ३ मायक्रोव्होल्ट तिथे शून्य डेसिबलच्याही खाली जातात. भाऊ म्हणाला, "दादा, मला तर काहीच ऐकू येत नाही रे." त्याचंही खरं आणि माझंही खरं.

मग उपाय सुरू झाले. प्लेअरचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) 'लो'वर केला, फरक जेमतेम. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकला लावून पाहिलं तर सूं वाढली. तिथे ताकद जास्त, आणि या इअरफोनला ताकद नकोच आहे. फोमच्या टिप्स घातल्या तर कान आणखी घट्ट बंद झाला आणि हिस आणखी स्पष्ट झाली.

सगळ्यात फसलेला उपाय सांगतो, कारण तो बरेच जण करतात. एका मित्राकडे ७५ ओहमचं जुनं अ‍ॅडॉप्टर होतं, एटिमॉटिकच्या ईआर४पीसाठीचं. तो २७ ओहमचा इअरफोन ७५ ओहम जोडून १०० ओहमच्या ईआर४एससारखा वाजवायचा, यासाठीच ते बनवलेलं. अँड्रोमेडाला लावलं आणि सूं गायब! पाच मिनिटं आनंदात गेली. नंतर विलंबित ख्याल लावला, तर डग्गा आणि गळा यांचं एकमेकांशी असलेलं नातंच बदललेलं. कारण साधं आहे. अनेक आर्मेचरच्या इअरफोनचा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. मध्ये मोठा रेझिस्टर आला की प्रत्येक सुराच्या वाट्याला वेगळा वाटा येतो आणि सगळा तोल हलतो. एकच डायनॅमिक (साध्या स्पीकरसारखा) ड्रायव्हर किंवा प्लेनार (सपाट पडद्याचा) असता तर एवढं बिघडलं नसतं. ठोकताळा असा की समोरच्या यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. इथे १२.८ भागिले आठ, म्हणजे १.६ ओहम. ७५ कुठे आणि १.६ कुठे.

या हिशेबानेच पुढे आयफाय कंपनीचं आयईमॅच घेतलं, प्लेअर आणि इअरफोन यांच्यामध्ये लावायचं. यात नुसता रेझिस्टर ओळीत घातलेला नाही, विभाजक (सिग्नलचा थोडाच भाग पुढे जाऊ देणारी जोडणी) आहे, म्हणून इअरफोनला दिसणारा इम्पीडन्स कमीच राहतो. 'हाय'ला १२ डेसिबलची घट आणि २.५ ओहमच्या आत, 'अल्ट्रा'ला २४ डेसिबलची घट आणि १ ओहमच्या आत. मी 'अल्ट्रा'वरच ठेवतो, कारण १.६च्या खाली तेच बसतं. गाणं आणि हिस दोन्ही २४ डेसिबलने खाली येतात, मग प्लेअरचा व्हॉल्यूम चढवला की गाणं जागेवर येतं, हिस खालीच राहते. आणखी एक फायदा झाला. पूर्वी शंभरातल्या बारा-पंधरावरच आवाज पुरे व्हायचा, एक घर पुढे गेलं की एकदम मोठा. आता पन्नाशीच्या आसपास असतो आणि हवा तेवढा लावता येतो. त्रास एवढाच की जॅकला आणखी एक शेपूट लोंबतं, खिशात अडकतं.

आणि मग ॲपलचं छोटं यूएसबी-सी डोंगल, म्हणजे फोनला इअरफोन जोडायची वायर, मुलीचं. आउटपुट इम्पीडन्स सुमारे १ ओहम. श्वास रोखून ऐकलं तर काहीतरी आहे असं वाटतं, नाहीतर नाहीच. अँड्रॉइड फोनवर त्यातून आवाज कमी येतो म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. अँड्रोमेडाला तो कमी आवाजही पोटभर पुरतो. माझा महागडा प्लेअर या एका कामात त्या बोटभर वायरीपुढे हरला, हे लिहिताना वाईट वाटतं, पण तसंच आहे.

हिस गेल्यावर मिळालं काय, तर तानपुरा. जवारीची ती वरची, मधमाशांसारखी गुणगुण आणि हिस कानाला एकाच भागात ऐकू येतात. सात महिने मी दोन्ही एकत्रच तानपुरा समजून ऐकत होतो. आता तार छेडल्यावर नाद कुठवर जातो आणि कुठे विरतो ते कळतं. समेवर येऊन गायक क्षणभर थांबतो, त्या क्षणात खरोखर काही नसतं.

तुम्ही असा नाजूक इअरफोन घेणार असाल तर दुकानात, कॉलेज रोडच्या वाहतुकीच्या आवाजात पारख करू नका. तिथे हिस कळणारच नाही. स्वतःचा प्लेअर न्या, गाडीत बसा, काचा वर, एसी बंद, आणि गाणं न लावता दोन मिनिटं नुसतं ऐका. मेट्रोत, बसमध्ये ऐकणाऱ्याने तर यावर पैसेच घालवू नयेत.

सध्या प्लेअर टेबलावर एचडी ६००सोबत असतो. भावाने तो हिवाळाभर माझ्याकडेच ठेवलाय. अँड्रोमेडा डोंगलला लावून उशाशी. पहाटे बागेत फवारणीचा ट्रॅक्टर सुरू होतो, त्याच्या आधीचा अर्धा तास मी ऐकायला राखून ठेवलाय.