हार्ट अटॅकनंतरचं ताट: तेल पूर्ण बंद, की तेल बदलून घरचंच जेवण?

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी आला की पहिला वाद तेलावरून होतो. कुणी म्हणतं, फोडणीसकट तेल बंद करा. कुणी म्हणतं, तेल बदला, मोजून घाला, बाकी जेवण घरचंच राहू द्या. आधार दोन्ही बाजूंना आहे, पण माझ्या मते दुसरी बाजू बरीच भक्कम आहे.

तेल बंद करणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांचा १९९०चा अभ्यास. शाकाहारी जेवण, आणि एकूण उष्मांकांपैकी जेमतेम १० टक्के स्निग्ध पदार्थांतून. वर्षभरानंतरच्या अँजिओग्राफीत धमन्यांमधले अडथळे थोडे कमी झालेले दिसले. पण त्यात रुग्ण होते अवघे ४८, आणि आहाराच्या जोडीला व्यायाम, ध्यान आणि सिगारेटबंदीही होती. सगळं श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

शिवाय आपल्याकडे तेल गेलं की त्याची जागा कशाने भरते ते बघा. भात वाढतो, चहाबरोबर बिस्किटं येतात, उपवासाला साबुदाणा असतोच. पिठूळ आणि गोड वाढलं की ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) चढतात, आणि मधुमेह असेल तर साखरही. भीतीपोटी शेंगदाणे, अक्रोड, जवस, मासळी हेसुद्धा बंद होतं. हे मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण हृदयाला उपयोगी स्निग्ध पदार्थ याच जिनसांत असतात.

आता दुसरी बाजू. फ्रान्समधल्या लिऑनच्या अभ्यासात पहिला अटॅक येऊन गेलेले ६०५ जण होते. त्यांतल्या निम्म्यांना भाज्या, डाळी, फळं जास्त, लाल मांस कमी आणि लोण्याऐवजी अल्फा-लिनोलेनिक आम्ल (वनस्पतींतलं ओमेगा-३) असलेलं मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं, असा आहार दिला. त्या गटात पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण खूपच कमी राहिलं. स्पेनमधल्या कोर्दोबात हृदयविकाराच्या १००२ रुग्णांना ७ वर्षं पाहिलं गेलं आणि २०२२मध्ये निकाल आला: ऑलिव्ह तेलाच्या भूमध्यसागरी आहारात ८७ जणांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा मोठा त्रास झाला, कमी स्निग्ध आहारात १११ जणांना. तो कमी स्निग्ध आहार अगदी बिनतेलाचा नव्हता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

यासाठी महागडं ऑलिव्ह तेल आणायलाच हवं असं नाही. लिऑनमधलं ते आम्ल आपल्या जवसात भरपूर आहे. जवसाच्या तेलाचा जवळपास निम्मा भाग तेच असतं. भाकरीबरोबर जवसाची चटणी रोज खा, फक्त मीठ हात राखून घाला. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, रव्यात तळून नव्हे, तिखल्यासारखी करून. १९८९च्या वेल्समधल्या अभ्यासात अटॅकनंतर तेलकट मासे खायला सांगितलेल्या पुरुषांमध्ये दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्के कमी होते. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात तसंच दिसलं नाही, पण मटणाच्या जागी बांगडा आला तर फायदाच आहे.

स्वयंपाकाला शेंगदाणा आणि मोहरीचं तेल आलटून पालटून वापरा. खोबरेलात ८५ टक्क्यांहून जास्त आणि तुपात ६० टक्क्यांच्या आसपास संपृक्त (कोलेस्टेरॉल वाढवणारी) चरबी असते, म्हणून ती रोजच्या वापरातून काढा. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात ४५८ पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना संपृक्त चरबीऐवजी करडईचं तेल दिलं, तेव्हा त्या गटात मृत्यू उलट वाढले. तेव्हा 'हार्टचं तेल' म्हणून एकट्या करडईवर विसंबू नका.

माप सोपं आहे: माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण तीन छोटे चमचे. एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या बाटलीत काढा, आणि ते सगळ्या घरासाठी काढा. रुग्णाची भाजी वेगळी शिजू लागली की तो चार दिवसांत कंटाळतो. कढईत तेल पसरतं, म्हणून जास्त ओतलं जातं. फोडणीच्या पळीत एका चमच्यात मोहरी नीट तडतडते.

तेलाच्या वादात मीठ मात्र विसरलं जातं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. लोणचं, पापड, सांडगे, खारी, फरसाण यांतच ती संपते. कमी सोडियमचं मीठ आणण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते धोक्याचं ठरू शकतं.

ट्रायग्लिसराइड्स फारच वाढलेली असतील, तर डॉक्टर स्वतःच तेल अगदी कमी करायला सांगतात. तेव्हा तेच ऐका. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन ही गोळी चालू असेल तर पालक-मेथी बंद करू नका, पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा कोरडा असंही करू नका. दर आठवड्याला साधारण सारखीच भाजी खा, म्हणजे गोळीचा डोस बसलेला राहतो.