चुन्याच्या भिंतीवरची काळी बुरशी: काढून परत चुना मारायचा की इमल्शन?

घर एकच पण वाटण्या दोन, त्यामुळं ही तुलना मला फुकटात बघायला मिळाली. अमळनेरचं जुनं चुन्याच्या गिलाव्याचं घर, मागची भिंत पश्चिमेला, पावसाची सगळी झड तिच्यावर. नानाकाकांनी त्यांच्या अर्ध्या भागाला पुट्टी, प्रायमर आणि चांगल्यातलं एक्सटीरियर इमल्शन (बाहेरच्या भिंतीचा प्लास्टिक रंग) मारलं, आम्ही आमच्या अर्ध्याला चुनाच ठेवला.

बुरशी मात्र दोघांनाही सारखीच काढावी लागली. भिंत ओली करून काथ्याच्या ब्रशने घासायची, ब्लिचिंग पावडर कालवून वरचं निवळ पाणी मारायचं, पंधरा-वीस मिनिटांनी धुवून टाकायचं नि चांगली वाळू द्यायची. संडास धुवायचं अ‍ॅसिड चुकूनही नको, चुना विरघळतो आणि ब्लिचिंगमध्ये मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पन्हाळ गळत असेल तर आधी ते बघा, नाहीतर सगळं पाण्यात.

दिसायला इमल्शनच भारी, खोटं कशाला बोलू. हवा तो शेड मिळतो, कपड्याला लागत नाही, सिमेंटचं प्लास्टर असतं तर मी पण तेच मारलं असतं. पण पोपडे! जुनी भिंत जोत्यातून ओल ओढते आणि गिलाव्यातून बाहेर सोडते, इमल्शनचा पापुद्रा आला की ती मागं अडकते. काकांच्या बाजूला कंबरेएवढ्या उंचीपर्यंत फुगे आले, बोटानं दाबलं की आत भुसभुशीत, पापुद्रा ओढला की त्याच्या पाठीला वाळू नि चुना चिकटून येतो. म्हणजे रंग खरवडायला जावं तर गिलावाच हातात, मग मिस्तरी म्हणणार सिमेंट भरून टाकू, आणि त्या ठिगळाच्या कडेनं परत ओल. माझं तिथंच ठरलं.

चुन्याची कटकट नाही असं नाही. पाठ टेकली की शर्ट पांढरा, एक-दोन वर्षांनी परत हात मारा, झडीच्या जागी काळपटपणा येतोच. पण खरवडायचं काही नसतं, घासलं, धुतलं की नवा हात. आणि ताजा चुना इतका जहाल असतो की सुरुवातीला तरी बुरशी त्याच्यावर धरत नाही.

कळीचा चुना लोखंडी पिंपात पाण्यात टाकून विझवा (उकळतो, डोळ्याला चष्मा हवाच), गाळून दुधासारखा पातळ करा, थोडं डिंकाचं पाणी घाला, भिंत ओली करून तीन पातळ हात द्या. एक जाड हात दिला तर तडकतो. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत मात्र मारू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक व्हायच्या आतच वाळतो आणि नुसती भुकटी उरते. आमच्याकडं दसरा झाला की दिवाळीच्या आत, ऊन भिंतीवर यायच्या आधी सकाळी उरकतात.

तुमच्या भिंतीवर आधीच इमल्शन बसलेलं असेल तर त्याच्यावर चुना धरणार नाही, ते पूर्ण काढावं लागेल. तेवढी तयारी नसेल तर इमल्शनच परत मारा, मी नावं ठेवणार नाही, फक्त जोत्याजवळचा पट्टा तरी मोकळा करून चुन्याचा ठेवता आला तर बघा.