फळी, पाऊण सेकंद आणि दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम: चौदा महिन्यांचा अनुभव

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवरून रस्ता टिपत राहणारा कॅमेरा, घेतला तेव्हा मनात एकच होतं: उद्या कुणी येऊन धडकलं, तर चूक माझी नव्हती हे दाखवता यावं. चौदा महिने तो काचेवर आहे. या काळात त्याने एकच अपघात टिपला, आणि गाडी माझीच होती. त्यामुळे चित्राच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगते आणि त्या अपघाताकडे वळते, कारण असं यंत्र आपण घेतो ते त्या एका दिवसासाठीच.

दिवसाचं चित्र स्वच्छ. रात्री पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर आपलाच हेडलाइट पडला की आकडे पांढरे पडतात. आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग आहे, तो उन्हात तापलेल्या गाडीत जास्त टिकतो. दुसरा कॅमेरा मागच्या काचेला. तो बसवायचा मी कंटाळा करत होते. मुलीने हट्टाने बसवून घेतला.

आता ती सकाळ. पुढे एक पिकअप, माझा वेग ताशी साठच्या आसपास. पिकअपने एकाएकी बाजू घेतली आणि रस्त्यात आडवी पडलेली लाकडी फळी माझ्यासमोर उघडी पडली. हात आपोआप फिरले. फळी चुकली, पण माझं मागचं दार शेजारच्या लेनमधल्या गाडीच्या मडगार्डला घासत गेलं. कुणाला लागलं नाही. खाली उतरताच मी म्हणाले, "अहो, मध्ये फळी होती!" त्या गृहस्थांचा आवाजही चढला नाही. "फळी तुमच्या लेनमध्ये होती ना? मग तुम्ही माझ्या लेनमध्ये का आलात?"

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. घरी येऊन व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. सेकंदाला 30 फ्रेम, आणि ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे एका फ्रेममध्ये अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. फळी दिसल्यापासून स्टिअरिंग फिरेपर्यंत 22 फ्रेम, पाऊण सेकंदाच्या आत. एवढ्या वेळात कुणी शांतपणे विचार करू शकत नाही. इथपर्यंत मला हायसं वाटलं.

मग मी व्हिडिओ आणखी मागे नेला. पिकअप एका दिव्याच्या खांबापाशी असल्यापासून मी त्याच खांबापाशी पोहोचेपर्यंत 31 फ्रेम. म्हणजे आमच्यातलं अंतर जेमतेम एका सेकंदाचं. गाडी शिकवताना निदान दोन सेकंद ठेवा असं सांगतात, ते मी नव्या चालकांना स्वतः सांगितलेलं आहे. दोन सेकंद असते तर ब्रेक लावून माझ्याच लेनमध्ये थांबता आलं असतं, निदान वेग बराच उतरला असता. फळी टाकणारी मी नव्हते. पण ती इतकी उशिरा दिसली, ती मी पिकअपच्या मागे चिकटून चालले होते म्हणून.

मागच्या कॅमेऱ्याने उरलेलं दाखवलं. त्या गृहस्थांची गाडी चार सेकंद आधी चित्रात स्पष्ट आहे, मग कडेला सरकत नाहीशी होते. नाहीशी झाली म्हणजे ती माझ्या शेजारी आली होती. मला ते ठाऊक नव्हतं, कारण त्या चार सेकंदांत मी आरशात पाहिलं नव्हतं. गाडी शिकत असलेली माझी मुलगी आवाज लावून पाहत होती. ती म्हणाली, "आई, इंडिकेटरची टिकटिक कुठेय?" पाऊण सेकंदात इंडिकेटर कुणी देत नाही, हे खरं. पण प्रश्न बरोबर होता.

माझ्या वकील मैत्रिणीने 1809 सालचा इंग्लंडमधला एक खटला सांगितला. घराच्या दुरुस्तीसाठी कुणीतरी रस्त्यात खांब आडवा ठेवला होता; संध्याकाळी घोडा भरधाव नेणारा त्यावर आदळला आणि त्याने दावा लावला. तो हरला: साधी काळजी घेतली असती तर खांब दिसला असता. तेव्हा स्वतःची थोडी चूक असली तरी भरपाई सगळीच जायची. तिथे 1945 च्या कायद्याने ज्याची जेवढी चूक तेवढी जबाबदारी अशी वाटणी सुरू झाली, आणि आज अनेक देशांत अशीच वाटणी होते. अचानक आलेल्या संकटात घाईने घेतलेल्या निर्णयाकडे न्यायालयं सहसा सहानुभूतीने पाहतात, पण ते संकट आपल्याच बेफिकिरीतून आलेलं नसेल तरच. माझ्या बाबतीत मोठा वाटा माझ्याकडे आला. फळी कुणाच्या गाडीतून पडली ते कळलं नाही. कळलं असतं तर त्यालाही जबाबदार धरता आलं असतं.

आता या यंत्राचे दोष, जे विकत घेण्याआधी कुणी सांगितले नव्हते. भिंग रुंद कोनाचं असल्याने पुढची गाडी असते त्याहून लांब दिसते. विमा कंपनीच्या माणसाने व्हिडिओ पाहून "अंतर तर पुरेसं दिसतंय" असं म्हटलंही. ते मला सोयीचं होतं. मी त्याला तो दिव्याचा खांब दाखवला आणि फ्रेम मोजायला लावल्या. कोपऱ्यात उमटणारा वेग जीपीएसवरून सेकंदाला एकदाच बदलतो, त्यामुळे ऐन वळणातल्या आकड्यावर विसंबू नका. आणि धक्का हलका असल्याने धक्का ओळखणाऱ्या सेन्सरने ती फाईल आपोआप राखून ठेवली नाही. मी हाताने बटण दाबलं म्हणून ती उरली, नाहीतर पुढच्या चित्रीकरणाखाली पुसली गेली असती. गाडी घासली गेली की सर्वात आधी ते बटण दाबा, आणि सेन्सरची संवेदनशीलता पहिल्या दिवशीच वाढवून घ्या.

पुढचा आणि मागचा मिळूनही दारांच्या शेजारची पट्टी कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि माझी धडक नेमकी तिथेच झाली. पाचपैकी चार गुण. फक्त पुढचा कॅमेरा घेणार असाल तर तीनच, कारण त्यात मला माझी फळी दिसली असती, शेजारची ती गाडी दिसली नसती.