परवलयिक म्हणून विकलेला गोलीय आरसा

घरी दुर्बीण बांधणाऱ्यांनी मुख्य आरशाचे पैसे देण्यापूर्वी वाचावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. म्हापशाच्या उजेडातून नेत्रावळीच्या अंधाऱ्या बाजूला गाडीतून नेता यावी, यासाठी मी सुट्या होणाऱ्या नळीची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर बसणारी, आरशाची दुर्बीण करायला घेतली. खाली मरीन प्लायवुडची आरशाची पेटी, वर दुय्यम आरशाचे कडे आणि दोहोंना जोडणारे ॲल्युमिनियमचे पाइप, अशी तिची रचना आहे. वाड्यावरच्या सुताराने काम चोख केले. 8 इंची, 1200 मिमी नाभीय अंतराचा, म्हणजे एफ/6 (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) आरसा मात्र राज्याबाहेरच्या एका विक्रेत्याकडून मागवला. तो परवलयिक, म्हणजे ताऱ्याचे सगळे किरण एका बिंदूत आणणाऱ्या आकाराचा (साध्या गोलाच्या वक्रतेचा, म्हणजे गोलीय, नव्हे) असल्याचे त्याने फोनवर ठासून सांगितले आणि पुरावा म्हणून रोंकी चाचणीचा, म्हणजे बारीक रेषांच्या जाळीतून आरशाचा आकार पारखण्याच्या चाचणीचा, फोटो पाठवला, ज्यात सगळ्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.

खोट नेमकी त्या फोटोत होती. टेबलावरची रोंकी चाचणी आरशाच्या वक्रताकेंद्रापाशी, म्हणजे नाभीय अंतराच्या दुपटीवर, या आरशासाठी 2400 मिमीवर करतात, आणि तिथे सरळ रेषा दिसतात त्या गोलीय आरशात. परवलयिक आरशात त्या वाकलेल्याच दिसायला हव्यात. ताऱ्याच्या प्रकाशात, आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी जाळी धरून पाहिले, तरच चांगल्या परवलयिक आरशाच्या रेषा सरळ येतात. 8 इंची गोलीय आरसा एफ/9 च्या आसपास चालून जातो, एफ/6 ला नाही.

पार्सल मिरगाच्या तोंडावर आले. परतीची मुदत थोड्या दिवसांची, आणि गोव्यात चतुर्थी होईपर्यंत आकाशाचा भरवसा नाही. पाऊस ओसरल्यावर गुरूचे पट्टे धुरकट दिसले, तेव्हा विक्रेत्याने दोष नळीवर ढकलला: जोडता-सोडता येणाऱ्या नळीत आरशांची जुळवणी टिकत नाही म्हणे. हे कारण सहज पटण्याजोगे आहे, म्हणूनच ते तपासून घ्यावे. जुळवणी बिघडली तर ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटते. माझ्या ताऱ्याभोवती चहूबाजूंनी सारखेच धुके होते, आणि फोकसच्या आतली व बाहेरची वलये एकमेकांसारखी नव्हती. हे गोलीय विपथन, म्हणजे आरशाच्या कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याचा दोष होय, आणि पाइप कितीही घट्ट आवळले तरी ते जात नाही.

रोंकी जाळी आणि छोटा एलईडी एवढ्या सामग्रीवर ही चाचणी भर पावसातही घरातल्या खोलीत होते, तेव्हा आरसा हाती येताच, मुदत संपण्याआधी, ती उरकून घ्यावी. बिलावर ‘परवलयिक’ हा शब्द लिहवून घ्यावा. माझ्या बिलावर नुसताच ‘8 इंची आरसा’ असा उल्लेख आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. तिला विक्रेत्याने दिलेले उत्तर असे, की आरशाचे पॉलिश आणि कोटिंग उत्तम आहे. ते खरेच उत्तम आहे. त्याविषयी माझी तक्रार कधीच नव्हती.